कमरेवरचं .४५ मी का बदललं

बरीच वर्षं माझ्या कमरेला .४५ कॅलिबरचं एक लहान, सडपातळ पिस्तूल असायचं. ह्यूस्टन परिसरातल्या ज्या मराठी मैत्रिणी ‘कुठलं घेऊ?’ म्हणून विचारायच्या, त्यांना मी तेच घ्यायला सांगायचे, आणि हट्टाने सांगायचे. आज माझ्या कमरेला ९ मिमीचं पिस्तूल आहे. कोणी आग्रह केला म्हणून ते घेतलेलं नाही आणि .४५ वर माझा राग तर मुळीच नाही. पण ज्यांना मी पूर्वी एक सांगितलं, त्यांना आता दुसरं का सांगते आहे हे नीट कळायला हवं. म्हणून हे लिहिते आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात आधी वेगळाच प्रश्न येईल. औषधाच्या दुकानात उभ्या असणाऱ्या बाईला पिस्तूल हवंच कशाला? माझ्या आईने तो फोनवर विचारलाच होता. “अगं, तुझ्या मामाने कोल्हापुरात जन्मभर मेडिकल चालवलं, त्याला कधी साधी काठी जवळ ठेवावी लागली नाही. तुलाच काय झालं?” मामाच्या दुकानात आणि माझ्या दुकानात फरक आहे तो मालाचा आणि गावाचा. माझ्या कपाटात प्रोमेथाझिन-कोडीनचं खोकल्याचं औषध असतं. ह्यूस्टनमध्ये ते सोड्यात मिसळून नशेसाठी पितात. इथल्या संगीताच्या दुनियेत ही चाल इतकी मुरलेली की तिच्याशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं तो डीजे स्क्रू २००० साली कोडीनच्या अतिसेवनानेच गेला. त्याशिवाय ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन. हायड्रोकोडोनच्या गोळ्या २०१४ च्या ऑक्टोबरपासून कडक नियंत्रणाच्या यादीत गेल्या, तशी त्यांची चोरट्या बाजारातली ओढ वाढली. हा माल हवा असणारा माणूस गल्ल्यातल्या पैशांसाठी येत नाही. तो थेट काउंटरच्या आत येतो. आमच्याच रस्त्यावरच्या एका दुकानात असा माणूस भरदुपारी आला होता, आणि तिथल्या फार्मासिस्ट बाईंना त्याने जमिनीवर पालथं झोपायला लावलं. त्यांना इजा झाली नाही. पण त्या पुन्हा कामावर आल्या नाहीत.

मोठ्या साखळी दुकानांत नोकरी करणाऱ्यांना शस्त्र बाळगण्याची बहुधा परवानगीच नसते. माझं दुकान माझं स्वतःचं आहे, त्यामुळे निर्णयही माझाच होता. कायदाही आड येणारा नव्हता. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या, कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. मी त्याआधीच परवाना काढला होता आणि आजही तो चालू ठेवला आहे. परवान्यासाठी वर्ग करावा लागतो, लेखी परीक्षा असते, आणि मग ३, ७ आणि १५ यार्डांवरून पन्नास गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. ही परीक्षा सोपी आहे. इतकी सोपी की ती पास झाल्यावर आपल्याला पिस्तूल येतं असा समज करून घेणं धोक्याचं आहे. आणि आता तर तेवढीही अट उरलेली नाही, हे मला एक नागरिक म्हणून मनापासून खटकतं.

मी ती परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाले. त्याचं श्रेय कॉलेजातल्या एनसीसीला. .२२ ची रायफल जमिनीवर पालथं पडून, श्वास अर्धा सोडून, चाप अलगद दाबायचा हे आम्हाला शिकवलं होतं. नेमबाजीचं अप्रूप आमच्या कोल्हापूर जिल्ह्याला नवं नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झाली, राही सरनोबतने पिस्तुलात आशियाई सुवर्ण आणलं, आणि २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेने पॅरिसहून ऑलिंपिक कांस्य. या सगळ्यांच्या हातात खेळाचं शस्त्र असतं. नेम म्हणजे संथपणा, ही माझ्या मनात पक्की बसलेली समजूत तिथूनच आली, आणि माझा आधीचा निर्णय काही अंशी तिच्यावरच उभा होता. एक गोळी, नीट लावलेली, आणि ती मोठी असावी. बस्स, एवढाच हिशेब.

आता त्या पिस्तुलाबद्दल. साध्या भाषेत सांगायचं तर पिस्तुलाच्या मुठीत मॅगझिन असतं आणि त्यात काडतुसं एकावर एक रचलेली असतात. दोन रांगा एकमेकींत गुंतवून रचली तर जास्त मावतात, पण मूठ जाड होते. एकाच रांगेत रचली तर कमी मावतात, मूठ चपटी राहते. यालाच सिंगल स्टॅक म्हणतात. कपड्याआड लपवायचं असेल तर लांबीपेक्षा जाडी जास्त नडते, कारण कपड्यावर उठून दिसते ती जाडी. माझा हात लहान आहे, बोटं आखूड आहेत. जाड मुठीवर पकड नीट बसत नाही आणि चापापर्यंत बोट पोहोचवायला हात मुरडावा लागतो. त्यामुळे एकेरी रांगेची चपटी मूठ मला पहिल्या स्पर्शातच आवडली. ही आवड आजही तशीच आहे.

चपट्या पिस्तुलात काडतुसं पाच-सहाच मावणार असतील तर ती मोठी का असू नयेत, हा त्यापुढचा विचार. आणि तो माझ्या एकटीचा नव्हता. ग्लॉक ३६ त्याच विचाराचं. स्प्रिंगफील्डने २०१२ मध्ये एक्सडी-एस बाजारात आणलं ते आधी .४५ मध्येच: ३.३ इंचांची नळी, मॅगझिनमध्ये पाच गोळ्या, रिकामं वजन सुमारे ६१० ग्रॅम. २०१६ मध्ये स्मिथ अँड वेसनने आपलं शील्ड .४५ मध्ये काढलं. त्याहून कितीतरी आधी, १९८५ साली, कोल्टने आपल्या जुन्या १९११ पिस्तुलाला साडेतीन इंचांच्या नळीवर आणून ‘ऑफिसर्स’ मॉडेल केलं होतं. म्हणजे मोठी गोळी लहान अंगात बसवण्याची ही धडपड जुनीच आहे.

.४५ चा दबदबा कुठून आला हे मी तेव्हा आवडीने वाचलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपिन्समध्ये मोरो योद्ध्यांशी लढताना अमेरिकी सैन्याच्या .३८ च्या रिव्हॉल्व्हर अपुऱ्या पडल्या, गोळ्या लागूनही माणूस धावून येत राहिला, अशा तक्रारी आल्या. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर आणि त्याशिवाय माणसांच्या मृतदेहांवर वेगवेगळ्या गोळ्यांच्या चाचण्या घेतल्या आणि .४५ पेक्षा लहान गोळी नको असा निष्कर्ष दिला. त्या चाचण्या आजच्या मापाने फारशा शास्त्रीय नव्हत्या, पण निष्कर्ष टिकला. जॉन ब्राउनिंगने त्या गोळीभोवती पिस्तूल घडवलं आणि २९ मार्च १९११ ला सैन्याने ते स्वीकारलं; तेच हे ‘१९११’. १९८५ पर्यंत ते त्यांचं मुख्य पिस्तूल होतं. पुढे जेफ कूपर नावाच्या निवृत्त मरीन अधिकाऱ्याने ॲरिझोनात गनसाइट ही प्रशिक्षण संस्था काढली आणि .४५ ला जवळजवळ पंथाचं रूप दिलं. कूपरचं लेखन मी आदराने वाचलं आहे. शस्त्र हाताळण्याचे जे चार नियम आज जगभर शिकवले जातात, ते त्यानेच रुजवले.

या सगळ्यात मी एक गोष्ट पुरेशी पाहिली नव्हती. ब्राउनिंगचं ते पिस्तूल पाच इंचांच्या नळीचं आणि रिकामंच सुमारे १.१ किलोचं पोलादी शस्त्र होतं. गोळी आणि पिस्तूल एकमेकांसाठी मापून केलेली होती. गोळी तीच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्म्यावर आणलं की काय होतं, ते कागदावर सोपं आहे आणि हातात फार कठीण आहे.

कागदावरचं आधी सांगते. .४५ ची नेहमीची गोळी सुमारे १५ ग्रॅमची, पाच इंचांच्या नळीतून सेकंदाला साधारण २६० मीटर वेगाने सुटते. ९ मिमीची गोळी ८ ग्रॅमची आणि वेग साधारण ३५० मीटर. ऊर्जा जवळजवळ सारखी निघते. पण हाताला जाणवतो तो धक्का वस्तुमान आणि वेगाच्या गुणाकाराने वाढतो, आणि तो .४५ मध्ये एक तृतीयांशाहून जास्त भरतो. जड पिस्तूल तो बराचसा स्वतः पचवतं. सहाशे ग्रॅमचं पिस्तूल तो जवळजवळ पूर्ण तळहातात आणि मनगटात देऊन टाकतं. त्यातच नळी आखूड असल्याने गोळीचा वेग घटतो. स्वसंरक्षणासाठी वापरतात त्या पोकळ टोकाच्या गोळ्या अंगात शिरल्यावर फुलाव्यात अशी त्यांची रचना असते, आणि फुलण्यासाठी वेग लागतो. म्हणजे ज्या मोठ्या व्यासासाठी आपण एवढा धक्का सोसतो, त्याचा काही भाग आखूड नळीने आधीच काढून घेतलेला असतो.

हातातलं असं. पहिली गोळी माझी नेहमी छान लागायची. रेंजवर संथपणे, एकेक गोळी झाडत राहिले तर कागदावरची छिद्रं कोणालाही दाखवावीत अशी. माझ्या प्रशिक्षकांनी, ते शेरीफच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, मला एकदा टायमर लावून झाडायला सांगितलं. सात यार्ड, तीन गोळ्या, शक्य तितक्या लवकर. पहिली मधोमध गेली. दुसरी खांद्यावर. तिसरी कागदावर नव्हतीच. पिस्तूल उसळायचं, मूठ तळहातात सरकायची आणि पुढची साइट पुन्हा दिसेपर्यंत मधे मोठा काळ जायचा. त्यांनी काही टीका केली नाही. स्वतःचं ९ मिमी माझ्या हातात देऊन तेच पुन्हा करायला सांगितलं. तीनही गोळ्या हाताच्या पंजाखाली झाकतील इतक्या जवळ लागल्या, आणि वेळ निम्म्याच्या आसपास.

मी तेव्हा मान्य केलं नाही. सराव वाढवीन म्हटलं, आणि वाढवलाही. त्यातून एक गोष्ट नक्की सुधारली, पकड. पण दुसरी बिघडली. प्रत्येक गोळीच्या क्षणभर आधी मनगट आपोआप खाली दाबलं जाऊ लागलं. धक्का येणार हे शरीराला माहीत झालं की ते त्याच्या स्वागताला आधीच आवळतं. इंग्रजीत फ्लिंच म्हणतात तो हाच. हा दोष एकदा जडला की लवकर जात नाही, आणि जास्त गोळ्या झाडल्याने तर तो आणखी पक्का होतो. शिवाय पन्नाशीनंतर माझ्या अंगठ्याच्या सांध्यात दुखायला लागलं. लहान .४५ ची स्प्रिंग कडक असावीच लागते, नाहीतर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, आवरणार नाही. ती स्लाइड मागे खेचताना मला दोन-दोनदा प्रयत्न करावा लागायचा. रेंजवरून आल्यावर रात्री बरणीचं झाकण उघडत नसे. मग हळूहळू मी रेंजवर जाणंच टाळू लागले. कामाची सबब होती, गोळ्या महाग होत्या, २०२० मध्ये तर मिळतही नव्हत्या. खरं कारण एवढंच की त्या पिस्तुलाने झाडणं मला नकोसं झालं होतं.

इथे माझ्या धंद्याने मला जागं केलं. रोज काउंटरवर मी लोकांना सांगते की औषध कितीही गुणकारी असो, त्याची मात्रा तुम्ही नियमित घेतली नाहीत तर त्या गुणाचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. सोसवत नसेल तर डॉक्टरांशी बोला, सोसवेल ते मागा. हे मी जितक्या ठामपणे सांगते, तितक्याच ठामपणे कमरेला सोसवत नसलेलं शस्त्र लावून उभी राहते, हे लक्षात आल्यावर मला पुन्हा सगळं मुळापासून वाचावंसं वाटलं.

त्या वाचनात सर्वांत जास्त वेळ गेला तो मायामीच्या गोळीबारावर. ११ एप्रिल १९८६. एफबीआयच्या आठ एजंटांनी बँक लुटणाऱ्या दोघांना रस्त्यात गाठलं. काही मिनिटांत शंभरावर गोळ्या सुटल्या, दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले, दोन्ही दरोडेखोरही मेले. त्यातल्या एकाला सुरुवातीलाच ९ मिमीची एक गोळी लागली होती. ती त्याच्या दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली, फुप्फुसात गेली आणि हृदयाच्या जेमतेम इंचभर अलीकडे थांबली. ती जखम प्राणघातकच होती. तरीही त्यानंतर तो माणूस लढत राहिला आणि दोघा एजंटांचा जीव त्यानेच घेतला. मी .४५ ची बाजू घेताना हे उदाहरण कायम द्यायचे: बघा, लहान गोळी कमी पडली. एफबीआयनेही सुरुवातीला तसाच अर्थ लावला. आधी १० मिमी, मग १९९० च्या दशकात .४०, असा त्यांचा मोठ्या गोळीकडे प्रवास झाला.

पण त्याच घटनेतून निघालेला त्यांचा १९८९ चा अभ्यास शांतपणे वाचला की दुसरीच गोष्ट समोर येते. पिस्तुलाची कुठलीही गोळी माणसाला उडवून पाडत नाही. हृदय निकामी झालं तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर माणूस दहा-पंधरा सेकंद ठरवून हालचाल करू शकतो. त्याला तत्काळ थांबवणारी जागा मेंदू आणि मज्जारज्जू एवढीच. बाकी सगळं रक्तस्रावावर, म्हणजे गोळी पुरेशी खोल आणि योग्य जागी जाण्यावर अवलंबून. म्हणून त्यांनी गोळीसाठी कसोटी ठेवली ती खोलीची: मांसासारख्या घट्ट जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच. मायामीची ती गोळी खोल जाण्यासाठी घडवलेलीच नव्हती. पुढच्या पंचवीस वर्षांत गोळ्यांची घडण सुधारली, ९ मिमीच्या चांगल्या गोळ्या ही कसोटी बिनचूक पार करू लागल्या, आणि २०१४ मध्ये त्याच एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने ९ मिमीकडे परत जाण्याचा अहवाल दिला. त्यातलं एक वाक्य मला विसरता येत नाही. प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या चुकतात, असं त्यांनी लिहिलं आहे.

ज्यांचा हा पेशा आहे त्यांच्या दहापैकी सात-आठ गोळ्या चुकतात. मग पाच गोळ्यांचं पिस्तूल घेऊन, थरथरत्या हाताने, काउंटरमागे उभ्या असलेल्या माझं काय? माझा तो जुना हिशेब, एक गोळी, नीट लावलेली आणि मोठी, हा एनसीसीच्या मैदानावरचा होता. तिथे समोरचा कागद हलत नाही आणि मागे मातीचा बांध असतो. माझ्या दुकानाच्या भिंती जिप्समच्या बोर्डांच्या आहेत. पलीकडे लहान मुलांचं पाळणाघर आहे. चुकलेली प्रत्येक गोळी कुठेतरी जाते आणि ती माझी असते. कूपरचाच चौथा नियम सांगतो की लक्ष्य कोणतं आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा. कूपरने मला .४५ दिलं आणि त्याच्याच नियमाने ते माझ्या कमरेवरून काढायला लावलं, असं मी म्हणते ते अगदी मनापासून.

एकेरी रांगेच्या बाबतीत मात्र काळानेच माझा प्रश्न सोडवला. २०१८ मध्ये सिग सॉअरने पी३६५ काढलं. मॅगझिनचा आकार असा की खाली काडतुसं थोडी तिरपी, एकमेकींत सरकून बसतात आणि वर येताना एका रांगेत येतात. जाडी एका इंचाच्या आसपासच, वजन पाचशे ग्रॅमच्या जवळपास, आणि गोळ्या पाचऐवजी दहा. पाठोपाठ इतर कंपन्यांनीही तशी पिस्तुलं आणली. चपटेपणासाठी कमी गोळ्या पत्करायच्या, आणि कमी गोळ्या म्हणून मोठी गोळी घ्यायची, या साखळीची पहिली कडीच तुटली. माझ्या लहान हाताला हवी ती मूठ मला मिळाली, आणि तिच्यासाठी मला दुसरं काही सोडावं लागलं नाही.

खरं कारण यांपैकी कुठल्याच आकड्यात नव्हतं, हेही सांगायला हवं. आमच्या रस्त्यावरच्या दुकानातली ती घटना ऐकल्यावर मी फार घाबरले होते. भीतीला मोठी वस्तू जवळ हवी असते. .४५ ची जाड, आखूड काडतुसं तळहातावर घेतली की मला धीर यायचा. तो धीर खोटा होता असं मी म्हणणार नाही, त्याच्या जोरावर मी दुकान चालू ठेवलं. पण तो धीर पिस्तूल म्यानात असेपर्यंतचा होता. बाहेर काढल्यानंतर लागतो तो धीर सरावातून येतो, आणि जे पिस्तूल हातात घ्यावंसं वाटत नाही त्याचा सराव होत नाही.

.४५ मी विकलेलं नाही. नवऱ्याचं एक जुन्या घडणीचं, पूर्ण आकाराचं पोलादी १९११ आहे, ते मी आजही रेंजवर आनंदाने झाडते. पूर्ण वजनाच्या पिस्तुलात ती गोळी मऊ, संथ ढकलल्यासारखी वाटते. ज्याचा हात मोठा आहे, मनगट बळकट आहे आणि जो दर आठवड्याला झाडतो, त्याने लहान .४५ बाळगलं तर त्याला मी नावं ठेवणार नाही. मी ज्यांना सल्ला देत होते त्या मात्र अशा नव्हत्या. त्या माझ्यासारख्याच होत्या, आखूड बोटांच्या, दिवसभर उभं राहून दमणाऱ्या, महिन्यातून एखादा रविवार रेंजला देऊ शकणाऱ्या.

आणखी दोन गोष्टींवर माझं मत पूर्वीपेक्षा कडक झालं आहे. पहिली, पर्स. साडीवर किंवा पंजाबी ड्रेसवर होल्स्टर बसत नाही म्हणून बऱ्याच जणी पिस्तूल पर्समध्ये ठेवतात. २०१४ च्या ३० डिसेंबरला आयडाहोतल्या हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समध्ये हात घातला आणि त्या पिस्तुलातून सुटलेल्या गोळीने आई जागीच गेली. ती तरुण शास्त्रज्ञ होती, शस्त्र हाताळायला शिकलेली होती. पिस्तूल अंगावर घट्ट बांधलेलं नसेल तर ते घरी कुलपात असलं पाहिजे, मधली जागा नाही. मी पांढऱ्या कोटाखाली, पॅंटच्या पट्ट्याला, चाप पूर्ण झाकणाऱ्या टणक होल्स्टरमध्ये लावते. साडी नेसते त्या दिवशी बाळगत नाही. आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव शाळेच्या सभागृहात असतो आणि शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं गुन्हा आहे. जिथे टेक्सासच्या कायद्यातल्या ३०.०६ कलमाची पाटी लावलेली असते तिथेही लपवलेलं पिस्तूल नेता येत नाही. अशा दिवशी ते गाडीत टाकून जाणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, तसं करू नका. गाडीतून चोरीला गेलेलं पिस्तूल कुणाच्या तरी काउंटरसमोर परत येतं.

दुसरी गोष्ट घराची. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. मी औषधं देते, माझ्याकडे येणाऱ्या नैराश्यावरच्या औषधांच्या चिठ्ठ्यांवर आपल्या माणसांची नावंही असतात, आणि आपल्या घरांत त्याबद्दल बोललं जात नाही. घरात कोणी खचलेलं असेल, मुलगा वयात येत असेल, तर पिस्तुलाच्या कॅलिबरचा विचार करण्याआधी या आकड्यांचा विचार करा. कदाचित तुमचं उत्तर ‘नको’ असं येईल, आणि ते उत्तर पूर्णपणे शहाणं असू शकतं.

ज्यांचं उत्तर ‘हवं’ असंच येईल, त्यांना एक विनंती. दुकानात काचेवर मांडलेलं पिस्तूल हातात घेऊन ठरवू नका. बहुतेक रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. लहान .४५ घ्या, चपटं ९ मिमी घ्या, दोन्हींनी सात यार्डांवरून तीन-तीन गोळ्या भरभर झाडा आणि तिसरी कुठे लागली ते पाहा. स्लाइड स्वतः खेचा, नवऱ्याला किंवा विक्रेत्याला खेचू देऊ नका. दुसऱ्या दिवशी मनगट दुखतं का ते बघा, आणि पुढच्या महिन्यात परत यावंसं वाटतं का तेही. कुलपाची पेटी त्याच दिवशी विकत घ्या. आणि ज्या मैत्रिणींनी माझ्या सांगण्यावरून लहान .४५ घेतलं आहे, त्यांनी ते घेऊन एखाद्या रविवारी माझ्याबरोबर रेंजवर यावं. माझं ९ मिमी मी त्यांच्या हातात देईन, गोळ्याही माझ्याच.